सांधा बदलत नाही, म्हणून लगेच रिइन्स्टॉल?

ओपन रेल्स हा कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायचा खेळ खेळणाऱ्या मंडळींत एक मजकूर बराच फिरतो. कुणी नवख्याने शंका काढली की तोच पुढे सरकवला जातो. त्याचा मथितार्थ असा: कीबोर्डवरचं ‘जी’ दाबूनही सांधा (रूळ जिथे दोन फाट्यांत वाटतात ती जागा) बदलला नाही तर खेळाच्या फाइली खराब झाल्यात, सगळं काढून नव्याने टाका. तेवढा वेळ नसेल तर कंट्रोल आणि एम दाबून मॅन्युअल मोडमध्ये, म्हणजे सांधे आपण लावायच्या पद्धतीत, जा आणि तिथेच राहा. सांधा कुठे लागलाय ते रुळाकडे बघून ओळखा. ट्रेलिंगने, म्हणजे दोन रूळ एक होतात त्या दिशेने, येत असाल तर सांध्याची फिकीर नको. आणि शेवटी, खऱ्या रेल्वेत असले अडथळे नसतात, हे सॉफ्टवेअरचे नखरे आहेत.

यातला दुसरा सल्ला निम्मा बरोबर आहे. बाकीचे नाहीत. पहिल्यावर विश्वास ठेवून मी एक अख्खा रविवार वाया घालवला आहे, त्यामुळे पुढचं लिहिताना आवाज थोडा चढला तर समजून घ्या.

फाइली खराब झाल्याच्या दाव्यापासून सुरुवात करू. सांधा हलत नाही याचे दोन अगदी वेगळे अर्थ असतात: तो बिघडलाय, किंवा खेळ तो बदलायला नकार देतोय. माझ्या अनुभवात दहातल्या नऊ वेळा नकारच असतो, आणि नकाराला कारण असतं.

अ‍ॅक्टिव्हिटी (खेळातली नेमून दिलेली कामगिरी) खेळताना गाडीला एक ठरलेला पाथ, म्हणजे मार्ग, दिलेला असतो. गाडी सिग्नलच्या हुकमावर चालते (हा सिग्नल मोड) आणि पाथवरचे सांधे खेळच लावतो. तुमच्यासाठी राखून ठेवलेला सांधा तुम्ही ‘जी’ दाबून फिरवू म्हटलंत तर तो फिरणार नाही. एफ४ दाबून ट्रॅक मॉनिटर उघडा, तुम्ही कुठल्या मोडमध्ये आहात ते तिथेच लिहिलेलं दिसतं. पुष्कळांना हेच माहीत नसतं आणि ते ‘जी’वर बोट ठेवून बसतात.

नकाराचं दुसरं कारण म्हणजे सांध्यावर गाडी उभी असणं. कधी तुमचीच. पन्नाससाठ वाघिणींची मालगाडी लूपमध्ये, म्हणजे मुख्य रुळालगतच्या बाजूच्या रुळावर, घेतली, इंजिन पुढच्या सिग्नलपाशी पोचलं, आपल्याला वाटतं आत आलो. शेवटच्या दोन वाघिणी मात्र अजून सांध्यावर असतात. ३ चा आकडा दाबून बाहेरचा कॅमेरा घेऊन गाडीचं शेपूट बघितल्याशिवाय ते कळत नाही. तिसरं कारण, तो सांधा दुसऱ्या गाडीसाठी राखलेला असणं. ती गाडी तुम्हाला दिसत नसेल, डिस्पॅचरला, म्हणजे गाड्यांना मार्ग वाटून देणाऱ्या खेळातल्या यंत्रणेला, दिसते.

आणखी एक साधी चूक. ‘जी’ म्हणजे गाडीच्या तोंडापुढचा सांधा आणि शिफ्ट धरून ‘जी’ म्हणजे शेपटाकडचा. शंटिंग (डब्यांची जुळवाजुळव) करताना रिव्हर्सर (दिशा बदलायचा दांडा) मागे टाकला म्हणून तोंड बदलत नाही. डबे मागे ढकलत असताना नुसता ‘जी’ दाबलात तर इंजिनापुढचा सांधा फिरेल, ज्याच्याशी तुमचं त्या क्षणी काही देणंघेणं नाही. मागचा सांधा आहे तिथेच, आणि तुम्ही म्हणणार, बदलत नाही.

मग खरंच फाइल खराब आहे का, हे ओळखायचं कसं? तोच रूट (खेळातला रेल्वेमार्ग) अ‍ॅक्टिव्हिटीशिवाय, एक्सप्लोर मोडमध्ये उघडा आणि त्याच सांध्यावर जा. एक्सप्लोररमध्ये सगळे सांधे खेळाडूच्या हातात असतात. तिथे तो फिरला तर फाइली ठणठणीत आहेत आणि अडचण पाथची किंवा दुसऱ्या गाडीची आहे. पाच मिनिटांचं काम.

याउलट रिइन्स्टॉल करून काय होतं ते सांगतो. ओपन रेल्स मूळ २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरचे रूट वाचतो. त्या जगात रुळाच्या प्रत्येक तुकड्याची, प्रत्येक सांध्याची मापं टीसेक्शन.डॅट नावाच्या एका सामाईक फाइलीत असतात. नंतरच्या काळात हौशी लोकांनी शेकडो नवे रूळ आणि सांधे तयार केले, तशी ही फाइल वाढत गेली. जुन्या सीडीवरून मूळ खेळ पुन्हा टाकलात की त्याबरोबर २००१ ची फाइल परत येते आणि नवी पुसली जाते. आता रूट जो सांधा मागतो त्याचं मापच यादीत नाही. माझं नेमकं हेच झालं. सकाळी एक सांधा हलत नव्हता. संध्याकाळपर्यंत एका यार्डातले निम्मे रूळ गायब. नवी टीसेक्शन.डॅट शोधून परत जागेवर ठेवेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले, आणि तो मूळचा सांधा तरीही हलला नव्हताच.

फाइलींचा दोष आहे अशी शंका उरलीच तर डेस्कटॉपवर ओपनरेल्सलॉग.टीएक्सटी नावाची फाइल पडलेली असते, ती उघडा. कुठली आकृती किंवा कुठला तुकडा सापडला नाही ते खेळ स्वतःच त्यात लिहून ठेवतो. पुन्हा सगळं टाकण्यापेक्षा ते वाचणं स्वस्त पडतं.

आता मॅन्युअल मोड. पाथ सोडून बाजूच्या साइडिंगमध्ये जायचं असेल तर मॅन्युअल मोड हाच रस्ता आहे, इथवर मजकूर बरोबर. पण ‘तिथेच राहा’ हे चूक. मॅन्युअलमध्ये सिग्नल आपोआप उतरत, म्हणजे मोकळे होत, नाहीत, दर वेळी टॅब दाबून परवानगी मागावी लागते आणि मागच्या सिग्नलसाठी कंट्रोल आणि टॅब. परत सिग्नल मोडमध्ये यायचं तर गाडीचं तोंड ठरलेल्या पाथवर असावं लागतं, आणि पाथमध्ये उलटं फिरायच्या जागा असतील तर त्या घटकेला चालू असलेल्या भागातच. हे न पाळता लोक दोन स्टेशनं पुढे निघून जातात आणि मग अ‍ॅक्टिव्हिटी अडकली म्हणून ओरडतात. काम झालं की पाथवर या आणि लगेच मोड बदला.

रुळाकडे बघून ओळखा हा सल्ला देणाऱ्याने बहुधा कॅबमधून कधी रात्रीची गाडी चालवलेली नसावी. आपल्याकडच्या नेहमीच्या ब्रॉडगेज सांध्यात टंग रेलचं (सांध्यातल्या हलत्या रुळाचं) टोक ११५ मिलिमीटर सरकतं, जेमतेम वीतभरही नाही. पडद्यावर ते लांबून दिसायचं कसं? शिवाय हौशी रूटमधल्या काही सांध्यांना हालचालच दिलेली नसते, चित्र एकाच जागी गोठलेलं असतं आणि आत सांधा खुशाल बदललेला असतो. बाजूचा दांडा कधी निव्वळ देखावा म्हणून लावलेला असतो. एफ८ ची खिडकी पुढचा आणि मागचा सांधा कुठल्या बाजूला आहे ते दाखवते, तिथेच टिचकी मारून तो बदलताही येतो. मोठ्या यार्डात मात्र कंट्रोल आणि ९ ची नकाशाखिडकी लागतेच. तिथे एक गोम आहे. सांध्यावर टिचकी मारल्यावर मुख्य मार्ग की बाजूचा मार्ग असं विचारलं जातं. हा ‘मुख्य’ सांधा बनवणाऱ्याने टीसेक्शनमध्ये ठरवलेला असतो. वाय आकाराच्या सांध्यात दोन्ही फाटे वाकडेच असतात, त्यातला एक नावाला मुख्य. म्हणजे मुख्य मार्ग निवडला की सरळ जाऊ, असं धरून चालू नका.

ट्रेलिंगचा मुद्दा थोडक्यात संपवतो. चुकीच्या सांध्यावरून गाडी गेली की ओपन रेल्स तिला आउट ऑफ कंट्रोल ठरवतो, इमर्जन्सी ब्रेक लागतो आणि गाडी थांबेपर्यंत तुमच्या हातात काही राहत नाही. मग मॅन्युअलमध्ये जाऊन निस्तरा. प्रत्यक्षात कुलूप लागलेल्या सांध्यावरून ट्रेलिंगने गाडी दामटली तर चाकं टंग रेल बाजूला रेटतात आणि त्यांना जोडणारे स्ट्रेचर बार वाकतात. ती गाडी कदाचित सुखरूप निघून जाईल. त्याच सांध्यावर समोरून येणारी पुढची गाडी जाईलच असं नाही.

राहिला खऱ्या रेल्वेचा मुद्दा, आणि मला सगळ्यात खटकला तो हाच. खऱ्या रेल्वेत अडथळे नसतात? रेल्वेची निम्मी अक्कल हे अडथळे घालण्यात खर्च झाली आहे. सिग्नल आणि सांधे एकमेकांना अडवतील अशा रचनेचं, म्हणजे इंटरलॉकिंगचं, पेटंट जॉन सॅक्सबीने १८५६ मध्ये घेतलं. ब्रिटनमध्ये १८८९ च्या कायद्याने प्रवासी मार्गांवर इंटरलॉकिंग सक्तीचं झालं. मार्ग दिला, सिग्नल उतरवला, की त्या मार्गातले सांधे कुलूपबंद. केबिनमधल्या माणसाने कितीही जोर लावला तरी खटका हलत नाही. ओपन रेल्समध्ये ‘जी’ दाबून काही होत नाही, त्याचं मूळ इथे आहे.

आपल्याकडे सांध्याची तपासणी करताना टोकापासून १५० मिलिमीटरवर टंग रेल आणि स्टॉक रेल (तिच्या शेजारचा पक्का रूळ) यांच्यात ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा ठेवतात. तेवढ्या फटीला सांध्याला कुलूप लागता कामा नये आणि सिग्नलही मिळता कामा नये. पाच मिलिमीटर! एखादा खडीचा तुकडा अडकला तरी सांधा ‘फेल’, गाडी उभी, आणि प्रवासी खिडकीतून डोकावून विचारणार, काय झालं. कसारा किंवा कर्जतच्या पुढे राहणाऱ्यांना कॅच साइडिंग (ब्रेक सुटलेल्या गाडीला अडवायचा बाजूचा रूळ) ठाऊक असेल. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी तिथला सांधा आधी साइडिंगकडेच लावलेला असतो. ब्रेक ताब्यात आहेत हे गाडी ठरल्या जागी थांबून दाखवते, मग तिला मुख्य मार्ग मिळतो. ड्रायव्हरच्या मनात काय आहे, हे त्या सांध्याला कुणी विचारत नाही.

आणि हा अडथळा चुकला की काय होतं, ते २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजार स्टेशनवर दिसलं. कोरोमंडल एक्सप्रेसला सिग्नल मुख्य लाइनचा मिळाला, सांधा मात्र लूपकडे लागलेला होता, आणि लूपमध्ये मालगाडी उभी होती. चौकशीत बोट सिग्नलच्या वायरिंगमधल्या कामाकडे गेलं. तेव्हा सांधा आणि सिग्नल यांचं जमत नाही म्हणून खेळ तुम्हाला अडवत असेल, तर त्याला नखरे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एवढं सांगून, ओपन रेल्समध्ये चुका नाहीतच असं मी म्हणत नाही. आहेत. रूट बनवणाऱ्यांच्या तर पुष्कळ आहेत. पण तक्रार करताना ‘सांधा चालत नाही’ एवढंच लिहून कुणालाच मदत करता येत नाही. कुठला रूट, कुठली अ‍ॅक्टिव्हिटी, ट्रॅक मॉनिटरवर कुठला मोड, सांधा गाडीच्या पुढे की मागे, एक्सप्लोररमध्ये तो फिरतो का, एवढं लिहा आणि सोबत ती लॉगची फाइल द्या.

माझ्या रविवारच्या सांध्याचं पुढे काय झालं? तीन आठवड्यांनी तीच अ‍ॅक्टिव्हिटी पुन्हा लावली, त्याच लाल सिग्नलपाशी गाडी उभी केली आणि चहा करायला स्वयंपाकघरात गेलो. परत आलो तेव्हा समोरून एक मालगाडी सावकाश त्याच सांध्यावरून लूपमध्ये शिरत होती. तिची शेवटची वाघीण आत गेली, सांधा आपसूक फिरला आणि माझा सिग्नल पिवळा झाला.