सतरा रकाने

ऑफिसने न्यू जर्सीतला पसारा आवरायचं ठरवलं आणि आम्हाला सांगितलं, डॅलसला या, नाहीतर राम राम. घरी येऊन मी बायकोला बातमी दिली. तिने फोडणीखालचा गॅस बंद केला आणि विचारलं, "तिकडे शाळा कशा आहेत?" पगार वाढणार का, उकाडा सोसेल का, हे प्रश्न नंतर आले. चौथीत जाणारी मुलगी घरात असली की नकाशावर गावं दिसत नाहीत, शाळा दिसतात.

अमेरिकेत पब्लिक स्कूलला फी नसते, असं मी भारतातल्या नातेवाइकांना इतकी वर्षं मोठ्या तोऱ्यात सांगत आलोय. फी असते. ती घराच्या किमतीत दडवलेली असते, एवढंच. तुमचा पत्ता ज्या शाळेच्या हद्दीत, ती तुमची शाळा. म्हणजे आधी शाळा पसंत करायची, मग तिच्या हद्दीत घर शोधायचं आणि मग तीस वर्षं हप्ते फेडायचे. प्राथमिक शाळा पाचवीपर्यंत. आमची मुलगी तिथे दोन वर्षं जाणार. तीस वर्षांचं कर्ज, दोन वर्षांची शाळा. टेक्सासात राज्याचा आयकर नाही हे ऐकून मी हुरळलो होतो. मग तिथली घरपट्टी पाहिली. तिच्यातला सगळ्यात मोठा घास शाळांचाच असतो हे कळलं आणि गप्प बसलो.

बायको आकडेवारीतली. तिने एक्सेल उघडलं. आठवड्याभरात त्यात सतरा रकाने झाले.

पहिला रकाना अर्थातच शाळांना दहापैकी गुण देणाऱ्या वेबसाइटचा. एका शाळेला नऊ, रस्त्यापलीकडच्या शाळेला सहा. सहावाल्या बाजूची घरं बरीच स्वस्त. मी लगेच नऊच्या बाजूला. बायकोने मात्र गुणांच्या रकान्याशेजारी घरांच्या किमती मांडल्या आणि आलेख काढला. दोन्ही रेषा गळ्यात गळे घालून वर चढत होत्या.

"हे शाळेचे गुण आहेत की पालकांच्या पगाराचे?" ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. परीक्षेचे गुण आणि घरातली मिळकत यांचं साटंलोटं जुनं आहे. ज्या घरात पुस्तकं आहेत, शिकवणी आहे आणि रात्री नऊला गणितं सोडवून घेणारा बाप आहे, त्या घरातलं पोर कुठल्याही शाळेत बरे गुण मिळवतं आणि श्रेय शाळेच्या पाटीवर जातं. खरं बघायचं असतं ते वर्षाच्या सुरुवातीला मूल कुठे होतं आणि शेवटी कुठे पोहोचलं. प्रगतीचा हा आकडा वेगळा मिळतो, पण वेबसाइटवर तो मोठ्या ठळक आकड्याच्या खाली, आमच्या सोसायटीच्या नियमावलीइतक्या बारीक अक्षरात असतो. सहावाल्या शाळेची प्रगती नऊवालीपेक्षा चांगली निघाली. मला ते पटलं, पण पचलं नाही. महाराष्ट्र मंडळात "आमची शाळा सहाची" असं सांगायला छाती लागते.

मग राज्याची परीक्षा. प्रत्येक राज्याची परीक्षा वेगळी, पायऱ्या वेगळ्या. न्यू जर्सीत पाच पायऱ्या, चौथीवर पोचलं की "अपेक्षा पूर्ण". टेक्सासची स्टार नावाची परीक्षा चार पायऱ्यांची: जमलं नाही, जवळपास पोचला, पोचला आणि पारंगत. यातला "जवळपास पोचला" हा पास धरतात! मी ते तीनदा वाचलं. उद्या स्थळ सांगून आलं की मुलगा जवळपास डॉक्टर आहे, तर आपण काय म्हणू? त्यामुळे एखादी शाळा "आमची नव्वद टक्के मुलं पास" म्हणाली की त्यातले पोचलेले किती आणि वाटेत बसलेले किती, हे वेगळं खोदून काढावं लागतं. आठवा आणि नववा रकाना त्यात गेला.

राज्या-राज्यांना एकाच तराजूत घालणारी एक परीक्षा आहे, नेप नावाची, १९६९ पासूनची. चौथी आणि आठवीतली काही मुलं निवडून ती घेतात. बायको खूश झाली. पण ती राज्याचा निकाल सांगते, शाळेचा नाही. म्हणजे संपूर्ण टेक्सासात राहायला जायचं असेल तर उपयोगी.

तरी टेक्सास सरकार प्रत्येक शाळेला स्वतःच ग्रेड देतं, ए पासून एफ पर्यंत, हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. सरकारी शिक्का! हे सगळं २०२५ च्या मार्चमध्ये चाललं होतं. साइट उघडली तर सगळ्यात ताजे ग्रेड २०२२ चे. त्या वर्षी करोनाच्या सवलतीमुळे डी आणि एफ दिलेच नव्हते. ज्यांना ते मिळाले असते, त्यांच्यापुढे "ग्रेड नाही" एवढंच. पुढच्या वर्षी निकष कडक केले. हायस्कूलमधून बाहेर पडणारी मुलं कॉलेज, नोकरी किंवा सैन्यासाठी कितपत तयार आहेत या एका निकषात ए मिळवायला पूर्वी ६० पुरत, तिथे ८८ केले. स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या हद्दीतल्या पब्लिक शाळा चालवणारी मंडळं, कोर्टात गेली आणि ग्रेड अडकले. २०२३ चे ग्रेड जाहीर झाले २०२५ च्या एप्रिलमध्ये. तोवर त्या वर्षी चौथीत असलेल्या पोरांना मिशा फुटायच्या बेतात.

मग माणसांना विचारू म्हटलं. ओळखीच्या ओळखीतून डॅलसच्या उत्तरेकडची सहा मराठी घरं सापडली. सहाही जण म्हणाले, "शाळा? मस्त आहे आमची!" सहा वेगवेगळ्या शाळा, सगळ्या मस्त. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हा प्रश्न विचारणंच चुकीचं. ज्याने कर्ज काढून घर घेतलंय, त्याला "शाळा कशी आहे" विचारणं म्हणजे नव्या नवऱ्याला "बायको कशी निघाली" विचारण्यासारखं. खरं कोण सांगणार?

आईला फोन केला तर तिचे प्रश्न दोनच. "मैदान आहे का? आणि मास्तर मारतात का?" सतरा रकान्यांत यातला एकही नव्हता.

घरं दाखवणारी एजंट बाई एरवी अखंड बोलायची. ओट्याचा दगड कुठल्या खाणीतला, हेही तिला पाठ. पण "ही शाळा चांगली का हो?" म्हटलं की मौन. "वेबसाइटवर बघा, शाळेत जाऊन या." आधी राग आला, मग कारण कळलं. १९६८ चा समान गृहनिर्माण कायदा आहे. वंश, धर्म बघून गिऱ्हाइकाला ठरावीक वस्तीकडे वळवायला त्यात मनाई आहे आणि "तिकडच्या शाळा चांगल्या" हे त्याच वळवण्याचं सभ्य रूप ठरू शकतं, म्हणून एजंट जीभ आवरतात. एक मात्र तिने आपणहून सांगितलं: गावाच्या नावावर जाऊ नका. फ्रिस्को गावातली सगळी घरं फ्रिस्को डिस्ट्रिक्टमध्ये नाहीत आणि प्लेनो गावातली काही घरं फ्रिस्कोच्या डिस्ट्रिक्टमध्ये आहेत. पत्ता टाकून हद्द तपासल्याशिवाय सही करायची नाही.

म्हणून एप्रिलमध्ये दोन दिवसांसाठी मी एकटा गेलो. बायकोने यादी दिली होती: मागच्या मैदानात तात्पुरत्या खोल्या किती ते मोज, म्हणजे गर्दी किती ते कळेल. सुटायच्या वेळी गाड्यांची रांग बघ. पोरांचे चेहरे बघ. मी भाड्याची गाडी शाळेसमोर लावली, वही काढली आणि कुंपणातून खोल्या मोजू लागलो. एक, दोन, तीन... चौथीपाशी काचेवर टकटक झाली. गणवेशातला अधिकारी, कमरेला पिस्तूल. २०२३ पासून टेक्सासच्या प्रत्येक शाळेत सशस्त्र सुरक्षारक्षक ठेवायचा कायदा आहे. ही माहिती रकान्यात होती, डोक्यात नव्हती.

"काही मदत हवी का, सर?"

अनोळखी माणूस, प्राथमिक शाळा, हातात वही, वहीत पोरांच्या खोल्यांची संख्या. मी घाम पुसत म्हणालो, "मुलीसाठी शाळा बघतोय." त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्वतः ऑफिसपर्यंत पोचवलं. तिथे माझं लायसन्स मशीनमध्ये घातलं आणि माझ्या फोटोचा स्टिकर छापून माझ्याच छातीवर चिकटवला. फोटोत मी पुरता फरारी दिसत होतो.

ऑफिसातल्या बाई साठीच्या असाव्यात. मला "हनी" म्हणाल्या, त्यामुळे थोडा धीर आला. मी रकान्याप्रमाणे प्रश्न सुरू केले. वर्गात मुलं किती? "चौथीपर्यंत बावीस, राज्याचा नियम आहे. पाचवीला तो नाही, तेव्हा मनाची तयारी ठेवा." मागच्या वर्षी शिक्षिका किती सोडून गेल्या? त्यांनी बोटं मोजली. "दोन. एकीला बाळ झालं, एक मुख्याध्यापिका झाली." हे उत्तर कुठल्याच वेबसाइटवर नव्हतं. तेवढ्यात एक पोरगं पडलेला दात टिश्यूत धरून आत आलं. बाईंनी खणातून दाताच्या आकाराची चिमुकली प्लास्टिकची डबी काढली, दात त्यात ठेवला, दोरा ओवून ती त्याच्या गळ्यात घातली आणि पाठीवर थाप मारून वर्गात पाठवलं. सगळं मिळून वीस सेकंद. खणात तशा डब्यांचा ढीग होता.

मी वही मिटली. निघताना बाई म्हणाल्या, "आणि हो, चौथीची जेवणाची सुट्टी दहा पंचवीसला. मुलं खूप आहेत, कॅन्टीन एकच." मी मान हलवली. मी अजून डब्यांच्याच विचारात होतो.

शाळा सहाची होती. रात्री बायकोला दाताच्या डबीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "प्रगतीचा आकडाही तिचाच चांगला आहे." आकड्याचा आधार मिळाल्याशिवाय ती कुठल्याच गोष्टीला विरघळत नाही. घर घेतलं.

मुलीला हे सगळं झाल्यावर सांगितलं. तिने शांतपणे एक्सेल उघडलं आणि अठरावा रकाना घातला: सुट्टी. न्यू जर्सीची शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुटते आणि सप्टेंबरात भरते. टेक्सासची मेअखेर सुटते आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भरते. तिकडची सुटायची उशिरा, इकडची भरायची लवकर. तीन आठवडे गायब! तिने ते लाल रंगात लिहून ठेवलं आणि नुकसानभरपाईची बोलणी अजून चालू आहेत.

शाळा भरली त्याच आठवड्यात, ऑगस्टच्या मध्यावर, राज्याने २०२४ आणि २०२५ असे दोन वर्षांचे ग्रेड एकदम जाहीर केले. वरातीमागून घोडं नव्हे, अख्खी पागा. आमच्या शाळेला काय मिळालं ते बायकोने पाहिलं. मला विचारायचा धीर झाला नाही.

परवा कॅलिफोर्नियातून एकाचा फोन आला, ओळखीच्या ओळखीतला. त्यांचंही डॅलसला यायचं चाललंय. "दादा, शाळा कशी आहे हो तुमची?"

"मस्त आहे," मी म्हणालो.

मुलगी मागे सोफ्यावर होती. पुस्तकातून मान न काढता म्हणाली, "बाबा, त्यांच्या मुलीला सकाळी दहा पंचवीसला भूक लागते का, ते विचार."