‘नॉट काढा, नॉट घाला’ म्हणणाऱ्यांना पोपचं उत्तर

बारावीची परीक्षा जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरू लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजीतल्या रेटॉरिकल (म्हणजे उत्तराची अपेक्षा नसलेल्या) प्रश्नांना व्याकरण नसतं, ते पाठच करायचे. अशा प्रश्नाचं विधान करायचं तर ‘नॉट’ असेल तिथे काढायचं, नसेल तिथे घालायचं. ‘हाऊ कम’ (म्हणजे ‘असं का?’) ही अशुद्ध अमेरिकन बोली. आणि उत्तर नकोच असतं, म्हणून शेवटी प्रश्नचिन्ह द्यायचं नाही.

यातलं ‘नॉट’चं सूत्र अर्धं खरं आहे, म्हणून सगळ्यात जास्त नडतं. ‘हू केअर्स?’ म्हणजे कोणालाच पर्वा नाही. ‘हू डझन्ट लव्ह मँगोज?’ म्हणजे आंबा सगळ्यांनाच आवडतो. इथपर्यंत ठीक (अर्थात ‘हू’च्या जागी ‘नोबडी’ किंवा ‘एव्हरीवन’ आणावं लागतं, ते फॉरवर्डवाला सांगत नाही). आता मित्राला विचारा, पार्टीला येणार का? तो म्हणाला, ‘इज द पोप कॅथलिक?’ पोप म्हणजे कॅथलिकांचे सर्वोच्च धर्मगुरू; सूत्र लावलंत तर त्यांचा धर्मच बुडाला! मित्राला म्हणायचंय, ‘हे काय विचारणं झालं? येणारच!’ म्हणजे पाहायचं ते ‘नॉट’ नाही, तर दोघांनाही आधीच ठाऊक असलेलं उत्तर. ते ‘नाही’ किंवा ‘कोणीच नाही’ असेल तर अर्थ उलटतो, ‘हो’ असेल तर उलटत नाही.

ते उत्तर ओळखायच्या खुणाही वाक्यातच असतात. ‘डिड ही एव्हर लिफ्ट अ फिंगर टू हेल्प?’ हे घ्या. ‘लिफ्ट अ फिंगर’ सहसा नकारासोबतच येतं. ‘ही लिफ्टेड अ फिंगर टू हेल्प’ असं सरळ कोणी म्हणत नाही. आपल्याकडची ‘काडीची मदत’ अशीच आहे. ‘त्याने काडीची मदत केली’ हे कानाला खटकतं. ‘त्याने कधी काडीची मदत केली का?’ बरोबर बसतं, आणि उत्तर काय ते सांगावं लागत नाही.

व्याकरण नसतं म्हणे. ‘हाऊ डेअर ही!’मध्ये ‘डेअर’ला ‘एस’ लागत नाही आणि ‘डू’ही नको, कारण तिथे ते ‘कॅन’, ‘मस्ट’सारखं सहायक क्रियापद म्हणून वागतं. ‘हू डू यू थिंक यू आर?’मध्ये कर्ता-क्रियापदाची उलटापालट फक्त सुरुवातीच्या भागात (‘डू यू’) होते. आतलं वाक्य सरळच राहतं, म्हणून शेवटी ‘आर यू’ लिहिलं की चूक. ‘व्हाय बॉदर?’ला ना कर्ता, ना काळ. पण ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला?’ यात तरी क्रियापद कुठे आहे? त्याला कोणी अशुद्ध म्हणतं का?

‘हाऊ कम’ अमेरिकन आहे, हे कबूल. बार्टलेट यांच्या 1848च्या अमेरिकनिझम्सच्या (अमेरिकन शब्दप्रयोगांच्या) कोशात ते सापडतं. पण ते अनौपचारिक आहे, अशुद्ध नाही. त्याच्यामागे ‘हाऊ कम्स इट दॅट’सारखी जुनी रचना आहे आणि पुढचं वाक्य त्या ‘दॅट’च्या पोटातलं, म्हणून ‘हाऊ कम यू आर लेट?’ बरोबर आणि ‘हाऊ कम आर यू लेट?’ चूक. शिवाय हा बहुतेक वेळा खराखुरा प्रश्न असतो, उत्तराची वाट पाहणारा. या यादीत तो घुसला कसा, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

राहिलं प्रश्नचिन्ह. 1580च्या दशकात हेन्री डेनहॅम या इंग्लिश मुद्रकाने रेटॉरिकल प्रश्नांसाठी आरशात दिसावं तसं उलटं प्रश्नचिन्ह वापरून पाहिलं होतं. ते पुढच्या शतकात मागे पडलं आणि नेहमीचं प्रश्नचिन्हच टिकलं. क्वचित कोणी उद्गारचिन्ह देतं, विशेषतः ‘हाऊ डेअर’नंतर, तेही चालतं. पेपरात ‘असर्टिव्ह (म्हणजे विधान) करा’ म्हटलं असेल तेव्हा मात्र पूर्णविराम द्या, कारण तिथे प्रश्न उरलेलाच नसतो.