‘बँकांचे नियम कायम उशिराच येतात’ म्हणणाऱ्यांना उत्तर

एक मजकूर सध्या फार फिरतोय. बँकांचे नियम मागच्या संकटासाठी लिहिलेले असतात, नवा बाजार त्यांना गुंगारा देतो, आणि ठेवीदार जागरूक असले की बाजारच बेशिस्त बँकेला वठणीवर आणतो. मग एवढे नियम हवेत कशाला?

नियम संकटानंतर येतात हे खरं. पण म्हणून ते वाया जात नाहीत. २६ जून १९७४ ला जर्मनीतली हेर्स्टाट बँक बंद झाली, तेव्हा चलनांच्या अदलाबदलीत समोरच्या बँकांनी मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) देऊन टाकले होते; न्यूयॉर्कमधून यायचे डॉलर आलेच नाहीत. त्याच वर्षअखेरीस बासल समिती, म्हणजे बँकांसाठी आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी नियामकांची समिती, उभी राहिली. २००२ पासून सीएलएस या चलनव्यवहार चुकते करणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत दोन्ही चलनं एकदमच चुकती होतात, नाहीतर एकही नाही. २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली तरी त्या व्यवस्थेतले तिचे व्यवहार पार पडले.

गुंगाऱ्याचं म्हणाल तर २०२३ मध्ये बुडालेल्या अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेकडे नीट पाहा. मागणी करताच परत द्यायच्या ठेवी दीर्घ मुदतीच्या रोख्यांत गुंतवल्या, व्याजदर चढले, रोख्यांचे भाव पडले. यात नवं काय? २०१० च्या अमेरिकी कायद्यात कडक निकष ५० अब्ज डॉलर मालमत्तेपासून लागू होते. २०१८ मध्ये ती मर्यादा २५० अब्जांवर नेली. ही बँक सुमारे २०० अब्जांची. रोख्यांवरचा कागदोपत्री तोटा भांडवलातून वजा करण्याची सक्तीही तिच्यावर नव्हती. इथे नियम मागे पडला नव्हता, तो जाणूनबुजून सैल केला होता.

आणि बाजाराची शिस्त? या बँकेच्या ९० टक्क्यांहून जास्त ठेवींना विमासंरक्षण नव्हतं. ठेवीदार बहुतेक कंपन्या आणि गुंतवणूकदार, म्हणजे जागरूक असायला हवेत असेच. तरी ते हलले ते अगदी शेवटी: ९ मार्च २०२३ ला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले, दुसऱ्या दिवशी बँक बंद. मग सगळ्याच ठेवींची हमी सरकारी यंत्रणेला घ्यावी लागली. हिला शिस्त म्हणवत नाही.

टीका करायचीच तर देखरेखीवर करा. बँक बुडाली तेव्हा तपासनिसांनी काढलेल्या ३१ त्रुटी तशाच पडून होत्या. अशा त्रुटी दूर करायला मुदत हवी, आणि ती उलटली की कारवाई. शिवाय बासलचा तरलतेचा निकष, म्हणजे ठेवी परत द्यायला पटकन रोख होणारी मालमत्ता किती हवी याचा नियम, ३० दिवसांचा ताण गृहीत धरतो. पैसे फोनवरून काही तासांत निघून जातात, तेव्हा तो हिशेब नव्याने मांडायला हवा.