‘२१ दिवसांत सवय लागते’ हे खरं नाही

‘कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस करा, सवय लागलीच म्हणून समजा. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून,’ असा मेसेज सध्या फिरतोय. दोन्ही विधानं चुकीची आहेत.

२१ हा आकडा आला अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६०च्या पुस्तकातून. शस्त्रक्रियेनंतर स्वतःचा नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, हे त्यांचं निरीक्षण. पुढे ‘किमान’ गळलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, आहार, सगळंच आलं.

प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली. ती २००९मध्ये प्रसिद्ध झाली. ९६ जणांनी रोजच्या ठरलेल्या वेळेला जोडून एक साधी कृती निवडली, जसं नाश्त्यानंतर पाणी पिणं. ती आपोआप व्हायला साधारण ६६ दिवस लागले. माणसागणिक हा अंदाज १८ ते २५४ दिवस इतका बदलत होता. व्यायामाला पाणी पिण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आणि एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडलं नाही! म्हणून बाविसाव्या दिवशी चालायला जायचा कंटाळा आला तर कृपया स्वतःला आळशी ठरवू नका. दुसऱ्या दिवशी जा.