प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवा

वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधन सेमिनारबद्दल माझे ठाम मत आहे की, वक्त्याला ५५ मिनिटे आणि प्रश्नांना उरलीसुरली पाच, ही रीत आता मोडली पाहिजे. छापून आलेला शोधनिबंध कुणालाही घरी बसून वाचता येतो; सेमिनारला जायचे ते प्रयोग ज्याने केला त्याला समोरासमोर विचारता यावे म्हणून.

पडद्यावर दोन स्तंभांचा आलेख येतो, उंच स्तंभावर तारांकन (फरक निव्वळ योगायोगाचा नसावा, असे सांगणारी खूण) असते आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत नमुनासंख्या १८ लिहिलेली असते. हे १८ उंदीर आहेत, की ३ उंदरांच्या प्रत्येकी ६ पेशी? पेशी असतील, तर स्वतंत्र नमुने तीनच ठरतात आणि ते तारांकन टिकेलच असे नाही. मोजणी करणाऱ्याला कोणत्या गटाला औषध दिले हे ठाऊक होते का? पेशी ज्या म्हणून वापरल्या त्या खरोखर त्याच आहेत, हे तपासले होते का? आनुवंशिकीतज्ज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ साली एका परिषदेत दाखवून दिले होते की, वेगवेगळ्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या १८ पेशीमालिकांत (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींत) प्रत्यक्षात हेला पेशीच, म्हणजे एका रुग्णाच्या कर्करोगाच्या गाठीतून आलेल्या पेशी, शिरल्या होत्या. ही भेसळ त्यानंतरही थांबली नाही, म्हणून हा प्रश्न विचारण्यात वक्त्याचा अपमान नाही.

सभागृहात रुग्ण पाहणारे डॉक्टरही हवेत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांच्या हृदयाचे अवेळी ठोके पडतात त्यांना मृत्यूचा धोका अधिक असतो, म्हणून ते ठोके दाबले की जीव वाचेल, असा तर्क एके काळी सर्वमान्य होता आणि एन्केनाइड व फ्लेकेनाइड ही औषधे त्यासाठी दिली जात. हीच औषधे रुग्णांवर तपासणाऱ्या 'कास्ट' चाचणीच्या १९८९ मधील अहवालाने तो तर्क कोसळवला: या औषधांनी ठोके दबत होते, पण ती घेणाऱ्यांत मृत्यू मात्र प्लासिबो (औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी) घेणाऱ्यांपेक्षा जास्त झाले. 'ठोके कमी झाले हे ठीक, पण रुग्ण जगले का?' हे विचारण्याची सवय वॉर्डात लागते. तरीही कित्येकदा सेमिनार नेमका बाह्यरुग्ण विभाग चालू असतानाच ठेवला जातो, आणि मग डॉक्टर येत नाहीत अशी तक्रार होते. मला ही तक्रार अन्यायाची वाटते.

पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा असावा, असेही मला वाटते. ज्येष्ठांनी सुरुवात केली की त्यांच्या प्रश्नाचे भाषण होते आणि मागच्या रांगेतला हात खाली जातो. वक्त्याला अर्ध्या तासावर थांबवणे आणि साध्या प्रश्नालाही पूर्ण उत्तर मिळते आहे ना हे पाहणे, हे अध्यक्षांचे काम आहे. केवळ परिचय आणि आभार यांसाठी त्यांना तिथे बसवलेले नसते.