‘पंधरा हजारांत आय सेव्हन’ : त्या मेसेजचा एकेक मुद्दा तपासू

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मेसेज फिरतोय. लग्नपत्रिका छापणाऱ्यांपासून सीईटी देणाऱ्या पोरांच्या पालकांपर्यंत सगळ्यांनी तो पुढे ढकललाय. मजकूर थोडक्यात असा : जुना कॉम्प्युटर टाकू नका, पंधरा हजारांत नवा करा. आय सेव्हन प्रोसेसर घ्या, पिढी कुठलीही चालते. सोळा जीबी रॅम आणि चार जीबीचं ग्राफिक कार्ड घाला. हार्ड डिस्क आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) जुनेच ठेवा. विंडोज ११ टाकून मिळतं. सामान कोल्हापूरहून आणा, टॅक्स वाचतो.

जुना कॉम्प्युटर टाकू नका, हे खरं आहे. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस धड असतील तर त्यावर एक रुपयाही घालू नये. पुढचं मात्र बहुतेक उलटं लिहिलंय. जिथं पैसे घालायला हवेत तिथं जुनंच ठेवायला सांगतात आणि जिथं गरज नाही तिथं खर्च करायला लावतात.

‘आय सेव्हन घ्या, पिढी कुठलीही चालते.’ या भावात मिळणारा आय सेव्हन बहुतेक वेळा २६०० असतो. तो जानेवारी २०११ मध्ये आला. चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं), ९५ वॅट. त्या काळी तो खरोखर दणकट होता. पण जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आय थ्री १२१०० लाही चार कोअर आणि आठच थ्रेड आहेत आणि त्याच्या एकेका कोअरचा वेग या आय सेव्हनच्या जवळपास दुप्पट आहे. नुसतं ‘आय सेव्हन’ ऐकून भुलणं म्हणजे पाटील आडनाव ऐकून जमीन किती असेल याचा अंदाज बांधणं. पाहायचा तो पुढचा आकडा. चार आकडी नंबरात पहिला अंक पिढीचा आणि पाच आकडी नंबरात पहिले दोन. म्हणजे २६०० ही दुसरी पिढी आणि १२१०० ही बारावी.

प्रोसेसरसोबत त्याचं अख्खं घराणं येतं, हे मेसेज सांगत नाही. २६०० ला एलजीए ११५५ सॉकेटचा (प्रोसेसर बसायच्या जागेचा) मदरबोर्ड लागतो आणि बाजारात मिळतो तो बहुधा एच ६१. खोकं नवं, चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप २०११ ची. त्यावर डीडीआर थ्री या जुन्या जातीची रॅमच बसते आणि साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, वेग सेकंदाला ३ गिगाबिटच्या पुढे जात नाही. आज घेतलेली डीडीआर थ्री उद्या दुसऱ्या कुठल्याही नव्या बोर्डावर लागणार नाही, कारण खाचच वेगळ्या जागी असते. थोडक्यात, पुढच्या खेपेला प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिन्हींवर पाणी.

‘हार्ड डिस्क जुनीच ठेवा.’ मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. कॉम्प्युटर चालू करून चहा पिऊन आलं तरी गोल फिरतंच असतं, ही तक्रार प्रोसेसरची नसते. फिरणाऱ्या डिस्कला एखादी फाइल शोधायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, एसएसडीला (फिरणारा भाग नसलेल्या, चिपांवरच्या डिस्कला) साधारण त्याचा शंभरावा भाग. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फाइली वाचल्या जातात, आणि सगळा वेळ तिथं जातो. खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. मशीन अडकलेलं असताना प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर आणि डिस्क शंभर टक्क्यांवर दिसली, तर आय सेव्हन घालून काय होणार? प्रोसेसर जास्त वेगानं वाट बघेल, एवढंच.

हातात दोन-तीन हजारच असतील, तर दुसरं काही न करता त्यात बसेल तेवढी साटा एसएसडी घाला. एच ६१ वर ती अर्ध्या वेगानं चालेल, कारण तिची मजल सेकंदाला ५५० एमबीपर्यंत असली तरी तो बोर्ड २८० च्या आसपासच देतो. तरीही फरक पहिल्याच सुरुवातीला कळेल. जुनी डिस्क पत्रिकांच्या फाइली साठवायला राहू द्या. फक्त तिची तब्येत एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये बघा. ‘कॉशन’ असा पिवळा शेरा दिसला तर त्याच दिवशी कॉपी काढा.

‘सोळा जीबी रॅम.’ आकडा वाईट नाही. पण छापखान्यांत अजून ३२ बिटांचं विंडोज ७ चालवणारी मशीनं आहेत, आणि ३२ बिटांच्या विंडोज ७ ला चार जीबीच्या वर रॅम वापरताच येत नाही. तिथं सोळा घाला नाही तर बत्तीस, उरलेली नुसती बसून राहते. घ्यायचीच तर आठ-आठच्या दोन काड्या घ्या, सोळाची एक नको. दोन असल्या की बोर्ड दोन्हीकडून एकदम वाचतो. आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की घरात डीडीआर फोरच्या काड्या पडून असतील तर बोर्ड त्यांच्याप्रमाणेच निवडावा. १२१०० ला चालणारे एच ६१० चे बोर्ड डीडीआर फोर आणि डीडीआर फाइव्ह अशा दोन्ही जातींत येतात, तेव्हा खोक्यावर वाचून मगच पैसे द्या.

‘चार जीबीचं ग्राफिक कार्ड.’ कशाला? कोरलमध्ये पत्रिका लावायची, मराठी श्रीलिपीत आणि कन्नड नुडीत टाईप करायचं, तंबाखूच्या पेढीचं टॅली चालवायचं, पोराला यूट्यूबवर लेक्चर बघायचं. यातल्या कशालाच वेगळं कार्ड लागत नाही. शिवाय ‘चार जीबी’ म्हणून जे गळ्यात मारतात ते बऱ्याचदा जीटी ७३० असतं, २०१४ सालचं. त्याची ६४ बिटांची डीडीआर थ्रीवाली आवृत्ती सेकंदाला सुमारे १४ जीबी माहिती हलवते. डीडीआर फोर ३२०० च्या दोन काड्या ५१ जीबी हलवतात, आणि आय थ्री १२१०० मधलं आतलंच ग्राफिक त्यांच्यावर चालतं. जीबी ही जागा झाली, वेग नव्हे. गेम खेळायचे असतील तर गोष्ट वेगळी, पण मग हे कार्ड तिथंही उपयोगाचं नाही.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. इंटेलच्या नंबराशेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक नसतं. १२१००एफ थोडा स्वस्त दिसतो म्हणून उचलला की घरी पडदा काळा, आणि मग कार्ड घ्यावंच लागतं. इंटेलऐवजी एएमडी कंपनीकडे जायचं तर रायझन ५ ५६००जी बघा : सहा कोअर, बारा थ्रेड आणि ग्राफिक आतच.

‘एसएमपीएस जुनाच ठेवा.’ चालतंय की, असं दुकानदारही म्हणतो. बाजूचं झाकण काढा आणि डब्यावरचं लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट असतं. ते सोडा, १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती ते बघा आणि १२ नं गुणा. १६ अँपिअर असतील तर झाले १९२ वॅट. नवा प्रोसेसर बहुतेक वीज याच तारेवरून घेतो. कार्ड नसलेल्या आय थ्रीला १९२ सुद्धा पुरतील, पण दहा वर्षं जुन्या डब्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बऱ्याचदा फुगलेले असतात. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज जाते-येते, खानापूरच्या आतल्या गावांत व्होल्टेज नाचतं. त्यात असा डबा गेला तर एकटा जाईल याची खात्री नाही, बोर्डही घेऊन जाऊ शकतो. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी घरातलं अर्थिंग तपासा. सॉकेटला तिसरी तार नसली की चांगल्या एसएमपीएसवरही हे होतं.

‘विंडोज ११ टाकून मिळतं.’ मिळतं, पण पळवाटेनं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची यंत्रं त्याच्या यादीत आहेत. दुसऱ्या पिढीचा आय सेव्हन त्या यादीच्या आसपासही नाही. अशा मशीनवर अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि वर्षाकाठीचं मोठं अपडेट हातानं टाकावं लागतं. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे मेसेजवाल्या आय सेव्हनवर बँकेचं काम करणारा माणूस दोन्हीकडून अडकतो.

जुन्या मशीनच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते चालायला लावावी लागणारी किल्ली) प्रिंटर पोर्टवर बसणारं असेल, तर बहुतेक नव्या बोर्डांच्या पाठीमागं तो पोर्टच नसतो. अशा छापखान्यानं जुनं मशीन त्या कामापुरतं, इंटरनेट न जोडता, तसंच ठेवावं.

राहता राहिलं कोल्हापूर. कोल्हापूरच्या गाड्या पेट्रोल भरायला सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे, कर्नाटकात येतात, कारण पेट्रोलवर प्रत्येक राज्याचा कर वेगळा. त्यावरून कॉम्प्युटरचंही तसंच असणार, असं कुणाला तरी वाटलं असावं. पेट्रोल जीएसटीत नाही, कॉम्प्युटरचे पार्ट आहेत. १ जुलै २०१७ पासून दोन्ही राज्यांत दर एकच आणि आज तो १८ टक्के आहे. निपाणीकराला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे, त्यानं खुशाल तिथं घ्यावं. व्यापाऱ्यानं मात्र जपून. जीएसटी नोंदणी कर्नाटकातली आणि बिलावर महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात विक्रीचा कर) लागला, तर त्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, मिळत नाही. टॅक्स वाचायचा राहिला बाजूला, अठरा टक्के पदरचे गेले. दुकानात आधीच आपला जीएसटी नंबर देऊन आयजीएसटीचं (दोन राज्यांमधल्या विक्रीच्या कराचं) बिल मागा, आणि त्यावर बोर्ड व एसएसडीचे सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तेच विचारतात.