गोळा गोल आहे तोवर

कोपरखैरण्याच्या ताई,

माझ्या 'खुब्याचं हाड आणि स्टेम सेलचा धंदा' या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत, "स्वतःचा खुबा वाचला नाही म्हणून उपचारालाच नावं ठेवताय. माझ्या भावाला गुण आला, आज तो लोकलने ऑफिसला जातो." 'धंदा' हा शब्द शीर्षकात नको होता, मान्य. काल रात्रीच काढला. पण भावाचं उदाहरण माझ्या विरोधात जातंय असं मला वाटत नाही.

तुम्हीच लिहिलंय की त्याच्या एक्स-रेत काही दिसलं नव्हतं, एमआरआयमध्ये सापडलं. सगळी मेख तिथेच आहे. रक्तपुरवठा तुटला की मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आतून मरायला लागतो, आकार मात्र काही काळ तसाच राहतो. वाळवी लागलेल्या चौकटीचा रंग शाबूत असतो ना, तसं. या काळात हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करतात, कंबरेच्या हाडातला मॅरो, म्हणजे आतला मगज काढून, त्यातल्या पेशी (यांनाच स्टेम सेल म्हणून विकतात) दाट करून तिथे सोडतात. फ्रान्सच्या डॉ. एर्निगूंनी २००२ मध्ये अशा १८९ खुब्यांचा पाच ते दहा वर्षांचा हिशोब मांडला. गोळा ढासळायच्या आधी केलेल्या १४५ खुब्यांपैकी ९ पुढे बदलावे लागले. ढासळल्यावर केलेल्या ४४ पैकी २५! पुढे २०१८ मध्ये ढासळलेल्या खुब्यांवरच एक चाचणी झाली, निम्म्यांत मॅरो, निम्म्यांत नुसतं सलाइन. फरक पडला नाही.

आता माझं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडने जीव वाचला; खुब्याचा रक्तपुरवठा तुटला तो बहुधा त्याच औषधाने, पण त्याबद्दल तक्रार नाही. काही महिन्यांनी उजवा गुडघा दुखायला लागला. गुडघा! खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं हे कुणाला माहीत? चार महिने बाम चोळला, गुडघ्याचेच दोन एक्स-रे काढले. शेवटी मांडी घालून जेवायला बसता येईना, तेव्हा ठाण्यात नौपाड्यातल्या डॉक्टरांनी खुब्याचा फोटो काढायला लावला. फिल्म खिडकीशी धरून त्यांनी पेनाच्या टोकाने दाखवलं: गोळ्याच्या वरच्या कडेखाली बारीक काळी रेघ, कपाळावरच्या चंद्रकोरीसारखी. म्हणजे ढासळणं सुरू झालेलं: आतलं हाड मोडलेलं, वरचं कवच नुसतं तरंगतंय. "आता खुबा बदलायची तयारी ठेवा," म्हणाले.

मला ते ऐकायचं नव्हतं. तीच फिल्म घेऊन मी खाडीपलीकडच्या एका क्लिनिकमध्ये गेलो. तिथल्या माणसाने ती पाकिटातून पुरती बाहेरही काढली नाही. "स्टेम सेल घालू, शंभर टक्के." साडेतीन लाख. आठ महिन्यांनी कुबड्या घेऊन परत नौपाड्यात, आणि खुबा बदलला. त्या क्लिनिकने पेशी खोट्या घातल्या असं मी म्हणत नाही. चंद्रकोर दिसत असताना घातल्या, एवढंच म्हणतो. (आणि हो, हावरटपणा माझाही होता.)

लेखात नीट न आलेली एक गोष्ट: नौपाड्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दोन्ही खुब्यांचा एमआरआय करायला लावला होता. डावा अजिबात दुखत नव्हता, तरी त्यातही सुरुवात निघाली. त्यात त्यांनी भोक पाडून माझाच मॅरो घातला. सहा आठवडे त्या पायावर भार नाही, घरातल्या घरात वॉकर. तो खुबा आजही माझा आहे. ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटीस पुलाचा जिना मी त्याच पायाच्या भरवशावर चढतो. त्यामुळे या उपचाराचा मी वैरी कसा असेन?

भावाला माझ्या शुभेच्छा सांगा. फक्त त्याचा जुना रिपोर्ट एकदा काढून बघा, त्यात दोन्ही बाजू लिहिल्यात की एकच? हा आजार बऱ्याचदा दुसऱ्या खुब्यातही गुपचूप बसलेला असतो. एकच बाजू असेल तर दुखायची वाट न बघता त्याच्या डॉक्टरांना विचारा, आणि काय निघालं ते इथेच कळवा.